गाठीवरचा मार्का

शून्य कापायला सगळ्यांत अवघड, हे मला शाळेत नाही, यवतमाळातल्या एका पेंटरच्या दुकानात कळलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे बसून पाट्या रंगताना बघणं हाच माझा उद्योग. एकदा त्याने एक जुनी एक्स-रे फिल्म पुढ्यात टाकली आणि शून्यापासून नवापर्यंत आकडे कापायला सांगितले. फिल्मवर कुणाच्या तरी बरगड्या होत्या. मी सोपं म्हणून शून्यालाच हात घातला. पेंटर दुसरीकडेच बघत होता, तरी म्हणाला, “सुन्य असं गोल कापशीन तं मधला गोया खाली पडन.” तोवर पडलाच होता. “पूल ठेव त्याले,” तो म्हणाला आणि दुसऱ्या शून्यावर वर-खाली दोन बारीक पट्ट्या न कापता सोडायच्या खुणा त्याने पेन्सिलीने करून दिल्या.

छापा कापण्याची सगळी विद्या त्या दोन पट्ट्यांत आहे. पत्र्यात भोक पाडायचं, भोकातून रंग जाऊ द्यायचा, आणि भोकाच्या पोटातलं जे बेट सुटू पाहतं त्याला काठाशी बांधून ठेवायचं. रोमन लिपीत हे दुखणं ए, बी, डी, ओ, पी, आर अशा मोजक्या अक्षरांना. आपल्या लिपीत मात्र ‘यवतमाळ’ एवढंच कापायला घ्या. य, व आणि म यांच्या पोटात एकेक बेट, ळचे दोन डोळे, मोकळं असं एकटं त. वरून शिरोरेषा. ती सलग कापली की पत्र्याला एक लांब चीर पडते आणि अक्षरं लोंबायला लागतात. म्हणून छाप्याने मारलेल्या मराठीत शिरोरेषा तुटक दिसते, नाहीतर छापा उचलल्यावर ती हाताने ओढलेली असते. जुन्या एस्टीच्या फाट्यावरचे फलक आठवून बघा.

त्या दुकानाच्या मागच्या भिंतीला गंजके पत्रे टांगलेले असत. पेंटरच्या वडिलांनी जिनिंग-प्रेसिंगसाठी कापलेले. त्यांवर बहुतेक इंग्रजी आकडे, काही अक्षरं, एक-दोन चौकट आणि बदामाचे आकार. पेंटर त्यांना ‘मार्के’ म्हणायचा. पुढे चित्रकलेच्या इतिहासाची पुस्तकं वाचताना मला राहून राहून ते पत्रे आठवत. यवतमाळ जिल्ह्यातून सगळ्यांत लांब गेलेलं छापकाम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी रुईच्या गाठीवरचा मार्का सांगेन. तो मुंबईला गेला, ल हाव्रला गेला, कोबेला गेला. त्याखाली सही मात्र कुणाचीच नाही.

मार्का लागला तो बेइमानीमुळे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवलं. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेव्हा आपल्या जिल्ह्याला वणीचं नाव होतं. यवतमाळ जिल्हा झाला १९०५ मध्ये, पुसद त्याला जोडून. पण पऱ्हाटी तर होतीच, आणि पऱ्हाटीला भाव आल्याबरोबर कापसात पाणी मारणारेही होते. सरकी, माती, आखूड धाग्याचा कापूस, काय वाट्टेल ते गाठीच्या पोटात जायचं. बाहेरून सगळ्या गाठी सारख्याच दिसतात. मुंबई सरकारने कापसातली लबाडी रोखायला १८२९ मध्ये कायदा केला होता, १८६३ मध्ये पुन्हा केला. भेसळ करणाऱ्यांनी दोन्ही पचवले.

खरी अडचण साधी होती. लँकेशायरमध्ये गाठ फोडली आणि आत ओली माती निघाली, तर ती गाठ बांधली कुणी? गाठीवर व्यापाऱ्याचं चिन्ह असे, पण व्यापाऱ्याने ती तिसऱ्याकडून घेतलेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, सरकारने भारतीय कापसाची समिती नेमली. तिच्या मागोमाग इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आली आणि १९२५ मध्ये कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज अॅक्ट. या कायद्यातलं एक कलम माझ्या मते आपल्या छापकलेच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं फर्मान आहे. प्रेसमध्ये दाबलेली प्रत्येक गाठ प्रेसघराबाहेर पडण्याआधी तिच्यावर त्या कारखान्याला ठरवून दिलेली खूण आणि अनुक्रमांक उमटलाच पाहिजे. नाही उमटला तर मालकाला दंड. गाठ कुणासाठी बांधली याची नोंद वहीत. शिवाय नव्या जिनिंगमध्ये कापूस आत येण्याची वाट वेगळी आणि रुई बाहेर जाण्याची वेगळी.

आज एखादा चित्रकार स्क्रीनवरून पंचवीस ठसे काढतो आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तीन छेद पंचवीस, चार छेद पंचवीस असं लिहितो. त्याला आवृत्ती म्हणतात आणि तिच्यावर चित्राची किंमत ठरते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणीच्या प्रेसघरांतली माणसं हेच काम हंगामभर, दिवसातून कितीदा तरी करत होती. त्यांची आवृत्ती हजारोंची असे आणि मजुरी रोजाने मिळे.

प्रेसघरातला तो क्षण जवळून बघण्यासारखा असे. रुईचा ढीग पेटीत पडतो, वरून प्रेस दाबतो आणि माणसाच्या उंचीची ती पांढरी वाफ कमरेएवढी होते. जुन्या मापाने गाठीत ३९२ पौंड रुई, म्हणजे ७८४ पौंडांच्या खंडीची निम्मी. आता १७० किलो धरतात. बारदान गुंडाळलेलं असतं, लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात, प्रेस सैल होतो आणि गाठ पट्ट्यांच्या मधून किंचित फुगते. आता मार्का. बारदान म्हणजे कागद नव्हे. त्याला वीण आहे, वर तागाची कुसं उभी असतात आणि गाठ पोटाशी गोल झालेली. पत्रा सपाट बसत नाही. मार्का मारणारा डाव्या हाताने पत्रा दाबून धरतो आणि उजव्या हातातला आखूड, ताठ कुंचला किंवा चिंधीचा बोळा रंगात बुडवून आधी डब्याच्या काठावर निथळतो. मग रंग ओढायचा नाही, ठोकायचा. ओढला की केस पत्र्याखाली शिरतात आणि कड फाटते. रंग पातळ झाला तर तो ताग पितो, अक्षर फुगतं, आणि त्याहून वाईट म्हणजे काळं आत रुईत उतरतं. काळा डाग लागलेली रुई सुतात गेली की कापडावर ठिपका येतो. म्हणून बोळा जवळजवळ कोरडा लागतो. आज मिक्स्ड मीडियाच्या कार्यशाळेत शिकवणारे फी घेऊन हेच सांगतात: रंग कमी, कुंचला उभा, छापा हलवू नका.

पत्रा उचलल्यावर जे उमटे ते कधीच नेमकं नसे. एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकं, तागाच्या धाग्यांची जाळी अक्षरातून डोकावते, शून्याचे पूल पांढरे राहतात. पाचपन्नास गाठी झाल्या की पत्र्याच्या कडांवर रंग साचतो आणि आकडे जाडे होत जातात. मग पत्रा घासलेटने पुसायचा. त्यामुळे एका दिवसाच्या गाठी ओळीने लावल्या तर तो पत्रा केव्हा पुसला हेसुद्धा कळावं.

या गाठी शकुंतला नावाच्या रेल्वेने जात. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी रूळ टाकला, तो कापसासाठीच. कारंजा, दारव्हा घेत ११३ किलोमीटर. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं इंजिन या मार्गावर १९२३ पासून धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. कापूस मँचेस्टरला आणि इंजिन मँचेस्टरहून, असा तो व्यवहार. मूर्तिजापूरला रूळ बदले, म्हणून गाठी उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्या लागत. हमालाला इंग्रजी येत नव्हतं आणि यायची गरजही नव्हती. बदाम त्या डब्यात, चौकट या डब्यात. मुंबईत कापसाचं ठाणं आधी कुलाब्याला होतं, ते १९२० च्या दशकात शिवडीकडे हललं. तिथे या सगळ्या मालाला ‘उमरा’ म्हणत, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. आपल्या जिल्ह्याचं नाव बाजाराच्या बोलीत नव्हतंच. जे काही होतं ते बारदानावरच्या खुणेत.

परदेशी व्यापाऱ्यांत राली ब्रदर्स होते, तसे स्वित्झर्लंडचे फोल्कार्ट ब्रदर्सही. या पेढीची स्थापना १८५१ मध्ये विंटरथुर आणि मुंबई अशा दोन ठिकाणी एकदमच झाली, आणि खामगावला त्यांचा प्रेस होता. पेढी पुढे राइनहार्ट घराण्याकडे गेली. त्यांतल्या ऑस्कर राइनहार्टने १९२४ मध्ये धंद्यातून अंग काढून घेतलं आणि उरलेलं आयुष्य चित्रं गोळा करण्यात घालवलं. रेन्वा, सेझान, व्हॅन गॉग. विंटरथुरच्या टेकडीवरचा त्याचा बंगला आज संग्रहालय आहे. तिथल्या भिंतींमागे जो पैसा आहे त्यात वऱ्हाडच्या कापसाचा वाटा आहे, हे तिथे भेट देणाऱ्या किती जणांना जाणवत असेल, कोण जाणे.

त्याच स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलच्या कलासंग्रहालयात, जॉर्ज ब्राकचं ‘ल पोर्तुगे’ हे चित्र आहे. १९११-१२ चं. तपकिरी-करड्या तुकड्यांत मोडलेला एक गिटारवाला, आणि त्यावर छाप्याने मारलेली अक्षरं व आकडे. आधुनिक चित्रात व्यापारी छाप्याची अक्षरं पहिल्यांदा शिरली ती इथे, असं कलेचे इतिहासकार मानतात. मग पुढच्याच वर्षी ब्राकने कागद चिकटवायला सुरुवात केली आणि आज ज्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात त्याचं दार उघडलं. ब्राकचा बाप घरं रंगवणारा पेंटर होता आणि तो स्वतःही तेच काम शिकला होता. वाढला ल हाव्रमध्ये, फ्रान्सच्या कापसाच्या मोठ्या बंदरात. धक्क्यावर उमरा गाठी बघून त्याला अक्षरं सुचली असं म्हणायचा मोह होतो. म्हणत नाही. एवढंच म्हणतो की पेंटरच्या पोराला पत्रा कसा धरायचा हे शिकवावं लागलं नसणार.

वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरला फारसा रुचत नव्हता. त्याचं मोठं गिऱ्हाईक झालं जपान. टाटांची कचेरी कोबेला १८९१ मध्ये उघडली. पी अँड ओ या बोट कंपनीचं भाडं परवडेना म्हणून जमशेटजी स्वतः जपानला गेले आणि १८९३ मध्ये जपानी बोटींची मुंबई-कोबे फेरी सुरू करवली. हा संबंध इतका घट्ट झाला की १९३३ मध्ये जपानने आपल्या कापसावर बहिष्कार घातला तेव्हा धाबं दणाणलं. १९३४ च्या करारात जपानने वर्षाला १५ लाख गाठी घ्यायच्या आणि त्या बदल्यात आपण त्यांचं ४० कोटी यार्ड कापड येऊ द्यायचं असं ठरलं.

गंमत अशी की त्या गाठी ज्या देशात उतरत होत्या, त्याने शून्याचा प्रश्न कित्येक शतकं आधी सोडवला होता. इसे प्रांतातल्या शिरोको आणि आसपासच्या गावांत कापड रंगवण्याचे कागदी छापे कापत. तुतीच्या सालीचे कागद कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने एकावर एक चिकटवायचे, धूर द्यायचा, की चामड्यासारखा तपकिरी पत्रा तयार. नक्षी इतकी बारीक की पूल ठेवायला जागाच नाही. म्हणून ते दोन पापुद्र्यांच्या मधून रेशमाचे धागे ताणत. बेटं त्या धाग्यांवर तरंगत राहत आणि धागा इतका बारीक असे की रंगात त्याची खूण उरत नसे. युरोपात हे छापे पोचल्यावर तिथल्या कारागिरांची बुद्धी चालली. चार धागेच कशाला, सगळं रेशमी कापडच ताणून त्यावर नक्षी बसवली तर? १९०७ मध्ये सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीच्या छाप्याचं पेटंट घेतलं. तो होता मँचेस्टरचा! स्क्रीन प्रिंटिंग ते हेच. यवतमाळच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारा जी लाकडी चौकट वापरतो आणि अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोचा चेहरा जिच्यातून काढला, ती एकच वस्तू.

स्वातंत्र्यानंतर छापा गाठीवरून भिंतीवर आला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार बहुतांशी निरक्षर, म्हणून प्रत्येक पक्षाला चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती. पत्र्याचा छापा, बादलीभर गेरू आणि एक पोरगा एवढ्यात गाव रंगून व्हायचं. बैलजोडी कापायला अवघड असणार. दोन बैलांची शिंगं, खांद्यावरचं जू आणि पायांतल्या फटी, म्हणजे पूलच पूल. पण ते पूल जुवाच्या दोरांसारखे दिसत, म्हणून खपून जात.

मग मलेरियावाले आले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम निघाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. घरात डीडीटीची फवारणी झाली की भिंतीवर तारखेची खूण. आमच्याकडच्या जंगलपट्टीतल्या घरांवर एकावर एक चढलेल्या अशा खुणा असत. सारवण झालं की जुनी अर्धी झाकली जायची, पुढच्या फेरीत नवी चढायची. थरावर थर, गेरूवर माती, मातीवर पुन्हा गेरू. आज हेच कॅनव्हासवर केलं तर त्याला पृष्ठभागाचा शोध म्हणतील. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण आला. तो छाप्याच्या दृष्टीने आदर्श: बेट नाही, पूल नाही, तीन सरळ काप. मुख्यमंत्री तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि गाठीवरचा मालक बदलला. फोल्कार्टच्या जागी पणन महासंघ. चुकारे थकल्याबद्दल त्या काळात शेतकऱ्याने जेवढं ऐकवलं असेल ते लिहायला वेगळा लेख लागेल. प्रेसघरात बोळा मात्र तसाच चालू राहिला.

कचेऱ्यांत आणि शाळांत छाप्याचा आणखी एक भाऊ नांदत होता: सायक्लोस्टाइल. टाइपरायटरची फीत काढून मेणकागदावर अक्षरं ठोकायची, अक्षराच्या जागी मेण उडतं, आणि तेवढ्या वाटेतून शाई कागदावर. या मेणकागदाच्या पोटात जपानी पद्धतीचा लांब तंतूंचा पातळ कागद असे, म्हणून बेटं पडत नसत. तंतूच पूल. तरी एखाद्या रागावलेल्या कारकुनाने शून्य जोरात हाणलं की मधला ठिपका उडायचाच, आणि प्रश्नपत्रिकेत शंभर गुणांऐवजी एक आणि दोन काळ्या टिकल्या दिसायच्या. मुंबईत १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी ‘शब्द’ काढलं ते याच यंत्रावर. मराठी लघुनियतकालिकांची चळवळ आणि तलाठ्याचं परिपत्रक, दोन्हींच्या बोटांना एकच शाई लागलेली होती.

आता शकुंतला उभी आहे. गाठीला बारदानाऐवजी सुती कापड असतं, लोखंडी पट्टीच्या जागी बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकची, आणि माग काढण्यासाठी क्यूआर कोडचं लेबल. गाठ बांधली कुणी, या १९२५ च्या प्रश्नाचं उत्तर आता फोनच्या कॅमेऱ्याला मिळतं. तरी कापडावर काळ्या रंगातले प्रेसचे आणि लॉटचे आकडे पुष्कळ ठिकाणी अजून हाताने मारलेले दिसतात. हमालाला डब्यातली गाठ दुरून ओळखायची असते, त्याने तिथे फोन कुठे काढायचा?

पेंटरचं दुकान बंद झालं तेव्हा भंगारवाल्याकडे जाण्याआधी एक पत्रा मी मागून घेतला. चार आकड्यांचा, शेवटचे दोन शून्य. परवा तो काढला. एक्स-रे फिल्मचे माझे लहानपणीचे आकडे केव्हाच हरवले, पण हा पत्रा गंज सोडला तर शाबूत होता. बारदानाचा एक तुकडा फळीवर ताणला, त्याला पांढऱ्या रंगाचा हात दिला, वाळल्यावर पत्रा ठेवला आणि काजळी रंगाचा बोळा निथळून ठोकायला लागलो. उचलल्यावर पहिलं शून्य जसं असावं तसं, वर-खाली दोन रुंद पांढरे पूल. दुसऱ्याला खालचाच पूल. वर केसाएवढी एक तिरकी रेघ होती. पत्रा उलटून पाहिला. वरचा पूल केव्हातरी तुटला होता आणि कुणीतरी त्या जागी तांब्याची बारीक तार डाग देऊन बसवली होती.